कंदील नेमका कुणासाठी?

दसरा झाला की घरोघरी एक वाद ठरलेला असतो. यंदा कंदील विकत आणायचा की घरी करायचा? आणि त्या वादात एक शब्द हमखास येतो, 'पारंपरिक'. म्हणजे कुठला? तर बांबूच्या कामट्यांचा, पतंगी कागदाचा, खाली झिरमिळ्या सोडलेला. मलाही तोच आवडतो. पण गेले काही दिवस या विषयावर थोडं वाचत होतो, तेव्हा लक्षात आलं की हा 'पारंपरिक' कंदील आपल्याला वाटतो तितका जुना नाही. आणि जे खरोखर जुनं आहे, ते आपण जवळजवळ विसरून गेलोय.

आधी शब्दच बघा. 'कंदील' आपल्याकडे अरबीतून आला. अरबीत तो ग्रीकमार्गे लॅटिनमधून गेला, म्हणजे इंग्रजीतल्या 'कँडल'चा हा चुलतभाऊच. आपला जुना शब्द 'आकाशदीप' किंवा 'आकाशदिवा'.

त्याचा विधी 'निर्णयसिंधू'त सापडतो. हा ग्रंथ कमलाकरभट्टांनी 1612 साली काशीत लिहिला. त्यांचं घराणं मूळचं आपल्या पैठणचं, पणजोबांच्या काळात काशीला गेलेलं. पुढे 1790 साली पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 'धर्मसिंधू' लिहिला. सूर्य तूळ राशीत असताना, म्हणजे साधारण आपल्या आश्विन-कार्तिकात, रोज संध्याकाळी तिळाच्या तेलाचा दिवा उंच जागी लावायचा, महिनाभर, विष्णूच्या नावानं. शोभेचा यात काही संबंध नाही. महत्त्व कशाला? उंचीला, आणि रोज न चुकता लावण्याला.

काशीच्या घाटांवर हे अजून बघायला मिळतं. उंच बांबू रोवलेले, त्यांच्या टोकाला वेताच्या टोपल्या. संध्याकाळी टोपली दोरीनं खाली घ्यायची, आत दिवा ठेवायचा आणि पुन्हा वर चढवायची. अलीकडे तिथं शहीद झालेल्या जवानांच्या आणि पोलिसांच्या नावानंही आकाशदीप लावतात. ही कल्पना नवी वाटली तरी तिचं मूळ जुनंच आहे. कारण याच दिवसांत आणखी एक विधी सांगितलाय, उल्कादानाचा. पितृपक्षात आलेले पितर दिवाळीच्या सुमारास परत निघतात, त्यांना वाट दिसावी म्हणून हातात पेटत्या चुडी धरून उजेड दाखवायचा. म्हणजे दिवाळीतला उंचावरचा उजेड देवासाठी होता आणि गेलेल्या माणसांसाठीही. पाहुण्यांनी "काय छान दिसतंय!" म्हणावं म्हणून नव्हता.

मग आपला कागदी कंदील कुठून आला? इथं मला रंगांनी मदत केली. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागद पिढ्यान् पिढ्या हातानं होत आलाय, पण तो दप्तराचा, पोथीचा जाड कागद. त्यातून दिवा काय दिसणार! पातळ आणि स्वस्त कागद खऱ्या अर्थानं मिळू लागला तो एकोणिसाव्या शतकात, यंत्रावर कागद व्हायला लागल्यावर. आणि तो झगझगीत राणी रंग, तो जांभळा? विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं 1856 साली लंडनमध्ये पहिला कृत्रिम रंग शोधला, तोही डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून. त्यानंतर असे भडक रंग कागदावर चढवणं परवडू लागलं. म्हणजे ज्याला आपण शुद्ध देशी समजतो तो कंदील गिरणीचा कागद आणि कारखान्याचा रंग यांच्या जोरावर उभा आहे. देशी म्हणावं ते त्यातल्या कामट्यांना, म्हणजे बुरुडांच्या कोयत्याला.

आणि घडवणाऱ्यांच्या डोक्यालाही! सारख्या लांबीच्या 24 कामट्या घ्या. चार-चारचे सहा चौकोन बांधा. ते नुसते कोपऱ्याला कोपरा जोडत गेलात की मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. काही मोजायचं नाही, तिरपं कापायचं नाही. पाठ्यपुस्तकात ही भूमितीची अवघड आकृती असते आणि आमच्या चाळीतली चौथी-पाचवीतली पोरं ती सुतळी आणि खळीच्या जोरावर करायची. (खळीत मोरचूद घालायचा, नाहीतर झुरळं कागद फस्त करतात.) पाऊस संपून हवा कोरडी झाल्याशिवाय हे जमायचंही नाही, म्हणून हा शरदाचाच उद्योग.

शेवटचा मोठा बदल विजेच्या दिव्यानं केला. तेलाचा दिवा रोज कुणीतरी लावावा लागतो. त्यासाठी रोज संध्याकाळी एक माणूस थांबतं, दोरी सोडतं, वात सारखी करतं. बल्बला बटण पुरतं. कंदील मोठा झाला, सुरक्षित झाला, मग प्लास्टिकचा, थर्माकोलचा झाला. 2018 च्या बंदीनंतर काही ठिकाणी पुन्हा कागदाचा आणि कापडाचाही झाला. या सगळ्यात सामान बदललं त्याचं मला फारसं काही वाटत नाही. सामान नेहमीच बदलत आलंय. पण तो 'घराची सजावट' झाला, त्याचा एक परिणाम मला खटकतो.

आजोबा गेले त्या वर्षी आमच्याकडे कंदील लागला नाही. आत्या म्हणाली, "वर्षाच्या आत लावत नाहीत." बरोबरच होतं, सगळीकडे हीच रीत. आजी काही बोलली नाही. पण वसुबारसेपासून थेट त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ती रोज तिन्हीसांजेला गच्चीच्या कठड्यावर एक पणती ठेवून यायची. गुडघे दुखत असताना दोन जिने चढून. तिनं कुठला 'सिंधू' वाचलेला नव्हता.

आता वाटतं, दिवा शोभेचा झाला म्हणूनच तो दुःखाच्या वर्षी बंद झाला. मुळात तो ज्यांच्यासाठी होता, त्यांच्याच पहिल्या दिवाळीला घर अंधारात!

यंदा थोरल्या काकांच्या घरी तीच वेळ आहे. परवा चुलत बहिणीचा फोन आला होता. "लावायचा का रे?" मी तिला म्हटलं, झिरमिळ्या नकोत, माळा नकोत. पण एक साधा दिवा, जमला तर तिळाच्या तेलाचा, घरातल्या सगळ्यात उंच जागी ठेवायला काय हरकत आहे? काकूला विचार. तिला नको वाटलं तर नको, रीत मोडायचा हट्ट आपण धरायचा नाही.

काकूनं अजून काही सांगितलेलं नाही. बहिणीनं मात्र तेल आणून ठेवलंय.