प्रस्तावना : अक्षय ऊर्जेच्या अभ्यासाला बसताना

अक्षय ऊर्जा म्हटली की नव्या वाचकाच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची निळी सौर पॅनेल येतात आणि विषय कालपरवाचा वाटू लागतो. महाराष्ट्रात तो शंभर वर्षांहून जुना आहे. 1915 साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, ती घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात अडवलेल्या पावसाच्या पाण्यावर. पुढे याच मालिकेतले धरण मुळशीला बांधायचे ठरले, तेव्हा 1921 मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांच्याबरोबर उभे राहिले आणि तुरुंगात गेले. भातखाचरे बुडणार होती मावळातली, वीज जाणार होती मुंबईला. धरण झालेच, आणि आजही मुळशीचे पाणी सह्याद्रीतून भिऱ्याच्या वीजघरात उतरते.

या विषयात येणाऱ्याने मुळशीपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. ऊन, वारा आणि पाणी यांचे बिल येत नाही. पण ती पकडायला जमीन लागते आणि जमीन कुणाच्या तरी पोटाशी बांधलेली असते. गायरानावर सौर प्रकल्प उभा राहतो तेव्हा कागदोपत्री जागा सरकारी असते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या चारणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर कुठेच सापडत नाही. म्हणून सौर आणि पवन प्रकल्प नकोत, असे मी म्हणत नाही. कोळशाच्या राखेखाली आणि धुराखाली राहणाऱ्यांचे हालही आपण पाहिलेले आहेत. पण स्वच्छ वीज म्हणजे आपोआप न्याय्य वीज, हा समज घेऊन इथे येऊ नये.

दुसरा धडा गोबरगॅसचा, आणि तो माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत शिकवणारा. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यापासून गॅस मिळवण्याचा प्रयोग झाला तो 1897 मध्ये. स्वातंत्र्यानंतर कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाई, खत आणि गॅस यांची सांगड घातली. भंगीमुक्तीच्या ध्यासातून ते या कामाकडे आले होते, यंत्राच्या हौसेतून नव्हे. त्यांची ही परंपरा देहूला डॉ. मापुस्करांनी पुढे नेली. प्राथमिक आरोग्य केंद्रातला हा डॉक्टर आयुष्यभर शौचालयांच्या मागे लागला आणि शौचालयाला जोडलेले गॅससंयंत्र त्याने लोकांच्या गळी उतरवले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी खरकटे आणि पिष्टमय टाकाऊ माल वापरून शहरी घरात मावेल असे छोटे संयंत्र तयार केले.

मग गावोगावच्या इतक्या गोबरगॅसच्या टाक्या बंद का पडल्या? रसायनशास्त्र चुकले नव्हते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत. ट्रॅक्टर आला, जनावरे कमी झाली. ते शेण रोज पाण्यात कालवायचे, काडीकचरा वेचून काढायचा, हे काम घरातल्या बाईच्या अंगावर पडले, आणि अनुदानाच्या अर्जावर सही मात्र पुरुषाची. लोखंडी टाकीला वेळच्या वेळी रंग लागला नाही की ती गंजते. थंडीत गॅस कमी येतो. अशा वेळी दारात सिलिंडर आला, तर कोण कशाला शेणात हात घालेल? जिथे स्लरीचे खत म्हणून मोल कळले होते, तिथे ती टाकी टिकण्याला आणखी एक कारण होते. तंत्र निवडताना त्याची रोजची निगा कोण राखणार हे आधी विचारावे, एवढे या टाक्यांनी शिकवले.

आता थोडे आकड्यांकडे. ते टाळून या विषयात पुढे जाता येत नाही, पण घाबरण्यासारखेही काही नाही. शाळेतला गुणाकार पुरतो. आपल्याकडे एक किलोवॅटचे सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज देते. आषाढात हे उत्पादन बरेच खाली येते. मे महिन्यातही वाटते तितके मिळत नाही, कारण पॅनेल तापले की त्याची क्षमता घटते. गंमत अशी की साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या नेमक्या पावसाळी वाऱ्यावर जोरात चालतात. सूर्य आणि वारा एकमेकांची उणीव थोडीफार भरून काढतात ती अशी. संध्याकाळी सातचा प्रश्न तरीही उरतोच: दिवे, पंखे, टीव्ही सगळे सुरू आणि सूर्य मावळलेला. त्यासाठी साठवण लागते. घाटघरच्या 250 मेगावॅटच्या प्रकल्पात खालच्या धरणातले पाणी स्वस्त विजेच्या वेळी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडतात. अशा पद्धतीत ढोबळमानाने चार युनिट घातले तर तीन परत मिळतात. तोटा आहे, पण वेळेवर मिळालेल्या तीन युनिटांची किंमत अवेळी मिळालेल्या चारांपेक्षा जास्त असते.

शाश्वत राहणीबद्दल बोलताना कापडी पिशव्या आणि बांबूचे ब्रश यांवरच फार शाई खर्च होते, असे मला वाटते. त्यापेक्षा छताकडे पाहावे. जुना पंखा सुमारे 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. असे तीन पंखे रोज बारा तास फिरत असतील, तर बदलल्यावर दिवसाला दीड युनिटाहून अधिक वाचते. एक किलोवॅटच्या पॅनेलची एक तृतीयांशाहून जास्त कमाई, तीही गच्ची नसलेल्या भाडेकरूला! मागणी आधी कमी करा आणि उरलेल्या गरजेपुरतेच पॅनेल घ्या. विक्रेता हा क्रम उलटा सांगेल.

पुस्तकातली प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. विज्ञान न शिकलेल्या वाचकाने बिचकू नये. शेतकरी, गृहिणी, वायरमन आणि गवंडी यांच्याकडे या विषयाचे जे ज्ञान आहे, ते अभियंत्यांकडे अनेकदा नसते. फक्त पहिल्या प्रकरणाआधी एक करा. घरचे ताजे वीजबिल काढा, त्यावर छापलेला मागच्या महिन्यांचा वापर वहीत उतरवा, आणि सर्वांत मोठ्या आकड्यासमोर त्या महिन्यात घरात काय चालले होते ते लिहा. पुढची गणिते त्याच आकड्यांवर करायची आहेत.