नवसारीचा बी.कॉम. नर्तक आणि माझी बहीण



आपण इथं बहुतेक वेळा सुरतेतल्या जुन्या मराठी वस्त्या, गणेशोत्सव, नोकरीचे दिवस यांवर लिहितो. आज एका नर्तकाबद्दल लिहितोय. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, नाचातलं मला शून्य कळतं. तरीही लिहितोय, कारण त्यात माझ्या घरची एक चूक आहे.

आमच्या इच्छापोरपासून नवसारी काही लांब नाही. तिथं १३ जुलै १९४७ रोजी एका पारशी घरात अस्ताद देबू यांचा जन्म झाला. बालपण कोलकाता, जमशेदपूरकडे गेलं. लहानपणीच गुरू प्रल्हाद दास यांच्याकडे कथक शिकले. पुढं मुंबईला पोदार कॉलेजातून बी.कॉम. झाले. म्हणजे आमच्यासारखेच जमा-खर्चवाले! पण मी बँकेची परीक्षा दिली आणि हे गृहस्थ १९६९ मध्ये मालवाहू बोटीनं निघाले. पुढं मिळेल त्या गाडीला हात करत युरोप गाठलं. लंडनला मार्था ग्रॅहम यांच्या पद्धतीचं नृत्य शिकले, जर्मनीत पिना बाउश यांच्याबरोबर काम केलं. १९७७ ला परत आले आणि मग कथकली शिकायला बसले.

इथल्या लोकांना त्यांचा नाच फार विलायती वाटायचा, तर तिकडच्यांना पुरेसा भारतीय वाटत नसे. तरी ते नाचत राहिले. मणिपूरच्या पुंग वाजवणाऱ्या कलाकारांना घेऊन त्यांनी प्रयोग केले, दिल्लीत सलाम बालक ट्रस्टच्या रस्त्यावर वाढलेल्या मुलांना शिकवून रंगमंचावर आणलं. १९९५ ला संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला, २००७ ला पद्मश्री.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या कर्णबधिर विद्यार्थ्यांबद्दल. कोलकात्यात 'अॅक्शन प्लेयर्स' आणि चेन्नईत क्लार्क स्कूलच्या मुलामुलींना त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. ऐकू येत नाही, मग ताल कसा? तर मात्रा मनात मोजायच्या, शिकवणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या हालचालीवर नजर ठेवायची. पुन्हा पुन्हा सराव करून ते अंगात भिनवायचं. जानेवारी २००५ मध्ये मेलबर्नला कर्णबधिरांच्या ऑलिम्पिकच्या वेळी क्लार्क स्कूलच्या मुली त्यांच्याबरोबर नाचल्या.

आता आमच्या घरचं सांगतो. माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. धुळ्याकडे आमच्या गल्लीत गणपतीत लेझीम पथक असायचं आणि पोरांना शिकवायचं काम माझ्याकडे. ती नऊ वर्षांची असेल. एक दिवस लेझीम घेऊन रांगेत येऊन उभी राहिली. मीच तिच्या हातातली लेझीम काढून घेतली. "हिला ढोल ऐकू येत नाही, ही काय नाचणार? सगळी रांग बिघडवेल." आईनंही मान डोलावली. मग दहाही दिवस ती ओट्यावर खांबाला हात लावून बसलेली असायची. ढोल वाजला की खांब थरथरतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

१० डिसेंबर २०२० ला देबू मुंबईत वारले. लॉकडाऊननंतरचे दिवस, घरातच होतो. बातमी वाचून फोनवर त्यांचे व्हिडिओ शोधले. त्या मुली एका वेळी पाऊल टाकतात, एका वेळी थांबतात. कुणाचंच चुकत नाही. मी तीन वेळा पाहिला आणि बहिणीला पाठवला. ती आता नातवंडांत रमलेली, व्हॉट्सअॅप छान वापरते.

रात्री तिचा मेसेज आला. एकच ओळ: "दादा, मलाही मोजता येत होतं."

मंडळी, आयुष्यभर लोकांच्या खात्यातल्या चुका काढल्या. ही माझी स्वतःची नोंद साठ वर्षं तशीच राहिली होती. मी तिला "चुकलो" एवढंच लिहिलं. तिनं हसरा चेहरा पाठवला, पण त्यानं हिशोब मिटत नाही.

आमच्या सोसायटीत नवरात्रीआधी गरब्याचा सराव होतो. कमिटीत मी सांगून ठेवलंय, ऐकू न येणारं मूल आलं तर त्याला पहिल्या रांगेत, शिकवणाऱ्याच्या समोर उभं करायचं.

तुमच्या घरी, गल्लीत असं कुणी ओट्यावर बसून राहिलेलं असेल, तर त्यांची आठवण खाली जरूर लिहा.