हँडल, धक्का आणि उतरलेली बॅटरी

दिवाळी नाहीतर उन्हाळ्याची सुट्टी आली, की बीडकडच्या नातेवाइकांच्या फोनवर एक तक्रार ठरलेली असते. "गाडी सुरूच होत नाही. बॅटरी परत उतरली. अजून दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत!" मग कुणी बॅटरीवाल्याला शिव्या घालतं, कुणी कंपनीला. मला वाटतं, आधी या जड डब्याचा इतिहास बघावा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

गंमत म्हणजे बॅटरी मोटारीपेक्षा म्हातारी आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाच्या आम्लात ठेवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. बेंझच्या मोटारीचं पेटंट १८८६ चं. पण त्यानंतरही पंचवीसेक वर्षं इंजिन फिरवायला माणसाचा हातच लागायचा. पुढून हँडल घालायचं आणि जीव खाऊन फिरवायचं. ते उलटं फिरलं की मनगट मोडलंच म्हणून समजा.

यावर उपाय काढला अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने. त्याने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. त्याच्या लक्षात आलं, की मोटरने दिवसभर राबायची गरजच नाही. काही सेकंद जोर लावला की काम झालं, म्हणजे मोटर लहान असली तरी चालेल. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ-स्टार्टर आला आणि गाडीतल्या बॅटरीचं काम ठरून गेलं: क्षणभर भरपूर वीज द्यायची आणि लगेच परत भरून घ्यायची. नुसतं बसून राहणं तिला मानवत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथली सरकारी बससेवा १९३२ साली २७ गाड्यांवर सुरू झाली. शेजारच्या मुंबई प्रांतात पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली. परळीला रेल्वे होती, पण बीड शहरात ती यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. तोवर सगळी भिस्त रस्त्यावर. रात्री-अपरात्री पेशंटला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, तर दारातली गाडी सुरू होणं हा साधा प्रश्न नव्हता. आजही नाही.

जुन्या गाड्यांमध्ये यावर तोडगा होता. जीपला, ॲम्बॅसॅडरला हँडल असायचं. डायनामो इतका अशक्त, की गाडी जागेवर उभी असली तर दिवे मिणमिणायचे. त्यामुळे बॅटरीवर कुणी फार विसंबतच नसे. ड्रायव्हर गाडी उतारावर लावायचा, आणि बालाघाटाच्या डोंगरात उताराला काय तोटा? नाहीतर पारावरची चार माणसं धक्क्याला यायची. मग १९८३ साली मारुती ८०० आली. अल्टरनेटर चांगला होता, पण हँडल गेलं. आजच्या ऑटोमॅटिक गाडीला तर धक्काही चालत नाही. सोय वाढली आणि सगळा भार एका डब्यावर आला.

हा डबा आपल्याकडे लवकर का मरतो? पहिलं कारण ऊन. तापमान दर १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ठोकताळा आहे. मराठवाड्यातला मे महिना आणि त्यात बॉनेटखालची धग, विचार करा! दुसरं कारण गाडी उभी राहणं. बंद गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडी थोडी वीज खात असतात. ५० मिलिॲम्पिअर धरले तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-अवर. छोट्या गाडीची ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी महिन्यात रिकामी! आणि रिकामी पडून राहिली, की पत्र्यांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट होतात. मग चार्जिंगला लावली तरी ती पूर्वीसारखी भरत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कितीतरी घरांनी हे अनुभवलं.

तेव्हा मंडळी, नवी बॅटरी घेण्याआधी एवढं करा. मल्टीमीटर लावा. गाडी काही तास बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. कमी दिसले तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघा, बॅटरीला बोल लावू नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. आणि गाडी गावाकडे ठेवून महिनोन्‌महिने पुण्या-मुंबईला राहणार असाल तर निगेटिव्हची वायर सोडून ठेवा, नाहीतर गावातल्या कुणाला तरी किल्ली देऊन आठवड्याला अर्धा-पाऊण तास गाडी फिरवायला सांगा.

यातला किल्लीचा उपाय मला जास्त आवडतो. बॅटरी भरलेली राहते आणि रात्री-अपरात्री गावात कुणाला गरज पडली तर दारात चालू गाडी असते.