चौथीच्या पुढची वाट

आपल्या खोपोलीच्या इतिहासातील एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ साली बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आला आणि येथेच थांबला. घाटमाथ्यावरचा खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ साली सुरू झाला. मधला घाट फोडून रूळ जोडले जाईपर्यंत १८६३ साल उजाडले. म्हणजे पाच वर्षे अशी गेली की, खाली गाडी होती, वरही गाडी होती, पण मधला चढ ज्याचा त्याने चढायचा होता. ऐपत असेल तो पालखीत बसे किंवा तट्टू करी. नसेल तो गाठोडे डोक्यावर घेऊन पायी निघे.

मी शाळेत इतिहास शिकवतो. हा धडा शिकवताना दरवर्षी मला आपल्या शाळांची आठवण होते. आपल्याकडे प्राथमिक शाळा गावोगाव आहेत आणि चांगली विद्यालयेही आहेत. परंतु एकीतून दुसरीत जाण्याचा जो घाट आहे, तो मूल कोणाच्या आधाराने चढते, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्या घाटाचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि शेवटी आपल्या कामाची एक गोष्ट मांडावी, असा विचार आहे.

इंग्रजी पहिलीचा उंबरठा

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मुंबई इलाख्यात दहाव्या-अकराव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या होत. मराठी चौथी झाली की ज्यांना शक्य असे त्यांची मुले 'इंग्रजी पहिली'त जात. तेथून इंग्रजी सातवीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत, सरळ रस्ता होता आणि त्यापुढे कॉलेज. बाकीची मुले मराठी सातवीपर्यंत शिकून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देत. त्यातून प्राथमिक शिक्षक व गावपातळीवरचे लहानमोठे नोकर तयार होत. ही परीक्षा सोपी नव्हती आणि ती पास झालेल्यांचे अक्षर आणि हिशेब आजही वाखाणले जातात. परंतु ती वाट कॉलेजकडे जात नव्हती. इंग्रजी शाळा शहरात असे, तिला फी असे, आणि मुलाला कोणाकडे तरी ठेवावे लागे. तेव्हा मुलगा किती हुशार आहे यापेक्षा बापाची शहरात ओळख आहे की नाही, यावरच बरेच काही ठरे.

१८८२ साली हंटर आयोग आला. त्याच्यापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. सरकारचे लक्ष व पैसा उच्च शिक्षणाकडे जातो आणि ज्यांच्या कष्टातून तो पैसा उभा राहतो त्यांच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असे त्यांचे म्हणणे होते. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी तेव्हाच केली. त्याच आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. मकतब-मदरशांमध्ये व्यवहारोपयोगी विषय शिकवण्यास उत्तेजन द्यावे, मुसलमान विद्यार्थ्यांसाठी खास शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, अशा शिफारशी त्यात होत्या. याचा अर्थ असा की, मदरशातील मूल आणि सरकारी हायस्कूल यांच्यामध्ये पूल नाही, हे तेव्हाही दिसत होते.

हा पूल ज्यांनी स्वतः ओलांडला त्यांपैकी एक म्हणजे बद्रुद्दीन तय्यबजी. त्यांचे पहिले शिक्षण मदरशात उर्दू-फारसीचे झाले, मग ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले आणि १८६० साली विलायतेस. पुढे ते बॅरिस्टर झाले, १८८७ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे वडील व्यापारी होते आणि जगाची माहिती असलेले होते. म्हणून मुलाला मदरशातून उचलून कोठे न्यावे, हे त्यांना कळले. सर्वांचे वडील असे नसतात, हे तय्यबजींनी ओळखले असले पाहिजे. कारण १८७४ साली त्यांनी आपले बंधू कमरुद्दीन व इतर मंडळींसह मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली आणि १८८० साली अंजुमनची शाळा सुरू झाली. जे काम एका घरात जाणत्या बापाने केले, ते समाजात संस्थेने करावे, असा याचा सरळ अर्थ मी घेतो.

स्वातंत्र्यानंतरच्या चाळण्या

स्वातंत्र्यानंतर इंग्रजी पहिलीचा उंबरठा गेला, हायस्कुले तालुक्यांत पोहोचली. मात्र निवडक मुलांसाठी नव्या चाळण्या तयार झाल्या. १९५४-५५ पासून शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाली आणि चौथी व सातवी ही वर्षे प्रत्येक शाळेच्या प्रतिष्ठेची झाली. १९६१ साली सातारा येथे देशातील पहिली सैनिकी शाळा निघाली. १९६० च्या दशकात शासनाने पुसेगाव, अमरावती, तेव्हाचे औरंगाबाद अशा ठिकाणी निवासी विद्यानिकेतने काढली. ग्रामीण भागातील गुणी मुले निवडून त्यांना उत्तम शिक्षण द्यावे, हा त्यामागील हेतू होता. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला १९६९ साली सुरू झाली, तेथे पाचवीचा प्रवेश बुद्धिमापनाच्या कसोट्यांवर ठेवला गेला. पुढे नवोदय विद्यालयांची योजना आली. देशातील पहिली दोन नवोदय विद्यालये हरियाणात झज्जर येथे आणि आपल्या महाराष्ट्रात अमरावती येथे निघाली. आपल्या रायगड जिल्ह्याचे नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूर येथे आहे.

शाळा मुले निवडू लागल्या की, त्यांच्यासाठी मुले तयार करणाऱ्या शाळाही निघतात. इंग्लंडमध्ये हे फार पूर्वी झाले. तेथील खाजगी प्राथमिक शाळांना 'तयारीच्या शाळा' असेच नाव आहे. त्यांच्या मुलांसाठी १९०४ साली एक सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली, ती देऊन मुले नामांकित विद्यालयांत जाऊ लागली. अशा शाळेचा मुख्याध्यापक केवळ शिकवत नाही. कोणते मूल कोणत्या विद्यालयात शोभेल हे तो ठरवतो, आईबापांना वेळेवर बोलावतो, पुढच्या मुख्याध्यापकाला पत्र लिहितो. अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या शहरातील खाजगी शाळांत तर एवढ्याच कामासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. फी भरणारे पालक शाळेला विचारतात, "तुमची मुले इथून पुढे कोठे जातात?" शाळेला त्याचे उत्तर द्यावे लागते.

आपल्याकडील खाजगी प्राथमिक शाळांनी बहुधा सोपा मार्ग धरला. ज्या संस्थेची बालवाडी तिचेच हायस्कूल, म्हणजे चौथीतून पाचवीत आपोआप प्रवेश. पालकही निश्चिंत होतात. यात वाईट काही नाही. परंतु आपल्याच घरात मूल ठेवण्याची सवय लागली की, बाहेरची दारे कधी उघडतात याकडे लक्ष राहत नाही. शिवाय ज्या गावात केवळ चौथीपर्यंतची शाळा आहे, तेथील मुलाला असे घरही नसते.

माझी चूक

येथे एक अनुभव सांगतो. तो सांगताना मला संकोच वाटतो, तरी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील विद्यालयात पाचवीचा वर्गशिक्षक होतो. जूनमध्ये शेजारच्या गावातील उर्दू प्राथमिक शाळेतून चौथी झालेली एक मुलगी वर्गात आली. वडील टेम्पो चालवीत. सुरुवातीला ती बोलत नसे. दिवाळीच्या सुमारास मी वर्गात एक उदाहरण घातले, तेव्हा फळ्यावर मांडण्यापूर्वीच तिने उत्तर सांगितले. दुसरे घातले, तिसरे घातले, तरी तेच. मी मुख्याध्यापकांकडे गेलो आणि म्हणालो, हिला नवोदयला बसवू या. त्यांनी फाईल काढली. परिपत्रक पावसाळ्यातच आले होते. त्यावर इतर शिक्षकांबरोबर माझीही सही होती. मुदत संपून गेली होती.

मी तिच्या पहिल्या शाळेतील गुरुजींना भेटलो. ते म्हणाले, "सर, मुलगी आमच्याकडून दाखला घेऊन गेली होती. आम्हाला वाटले, तुम्ही पाहाल." मला वाटले होते, अशी मुलगी असती तर त्यांनी सांगितले असते. वडिलांना भेटलो, तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आम्हाला कोण सांगणार, सर? तुम्ही सांगितलं असतं तर भाड्याचा एक दिवस मोडून फॉर्म भरला असता." नवोदयच्या सहावीच्या परीक्षेला मुलाला एकदाच बसता येते. पाचवीचे ते वर्ष गेले की, ती संधी परत मिळत नाही. ती मुलगी पुढे चांगलीच शिकली, पण जे दार तिच्यासाठी उघडे होते ते मी सहीच्या खाली दाबून ठेवले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

घाट नेमका कोठे आहे?

त्या प्रसंगानंतर मी नियम बारकाईने वाचले. वाचकहो, त्यांतील काही गोष्टी प्रत्येक पालकाला ठाऊक असल्या पाहिजेत.

नवोदयच्या परीक्षेला बसणारे मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असले पाहिजे. परीक्षा १०० गुणांची असते : बौद्धिक चाचणी ५०, अंकगणित २५ व भाषा २५. ती मराठीतून देता येते, तशी उर्दूतूनही देता येते. अर्जाबरोबर मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला लागतो. अर्ज अलीकडच्या वर्षांत पावसाळ्याच्या आसपास भरले जातात आणि परीक्षा हिवाळ्यात होते. आता पाहा, आपल्याकडे चौथी संपवून मूल जूनमध्ये नव्या शाळेत येते. जुन्या शाळेने त्याचे नाव कमी केलेले असते, नव्या शाळेने त्याला अजून ओळखलेले नसते. नेमक्या त्याच दिवसांत फॉर्म निघतो. आपला घाट तो हाच.

दुसरी गोष्ट. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आहेत. त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्य शाळेत गेलेली असावी लागतात. मध्ये शहरी हद्दीतील शाळेत घातले की, मूल शहरी ठरते. खोपोली ही नगरपालिकेची हद्द आहे. आसपासच्या गावांतील कितीतरी पालक कर्ज काढून मुलांना तिसरी-चौथीत येथील खाजगी शाळेत आणतात. शाळा बदलू नये असे मी म्हणत नाही, परंतु बदलताना काय मिळते आणि काय सुटते, हे दोन्ही सांगणारा कोणी असावा.

तिसरी गोष्ट आठवीची. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी २००८ साली सुरू झालेली केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेतील मूल कितीही गरीब असले तरी तिला बसू शकत नाही. राज्याची जुनी शिष्यवृत्ती परीक्षाही २०१६-१७ पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला नेली गेली आणि २०२५ साली ती परत चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय झाला. नियम असे बदलत राहतात. शिकलेल्या घरात वर्तमानपत्र येते, शेजारी-पाजारी कोणी सांगतो. ज्या घरात पहिलीच पिढी शाळेत जात आहे, तेथे शाळा हेच वर्तमानपत्र असते.

आपण काय करावे?

कोणी म्हणेल, मूठभर मुलांना वेचून दूर पाठवल्याने समाजाचे काय भले होणार? ही शंका रास्त आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची परीक्षा घेण्यास मनाई केली, तिच्यामागेही हाच विचार आहे, आणि गावातील प्रत्येक शाळा चांगली असणे हेच खरे उत्तर आहे. परंतु जोपर्यंत चाळणी आहे, तोपर्यंत आपली मुले चाळणीपर्यंत पोहोचलीच नाहीत, असे होता कामा नये. परीक्षेत नापास होणे मी समजू शकतो, पण परीक्षा आहे हेच न कळणे मला सोसवत नाही.

म्हणून संस्थेच्या चालकांना व सहकारी शिक्षकांना माझी एक साधी सूचना आहे. आपल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत एक वही ठेवावी. चौथी सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीचे नाव, ते कोठे गेले, त्याची गती कशात आहे आणि ते कोणत्या परीक्षेस पात्र आहे, हे तीत लिहावे. दाखला देताना त्या पानाची नक्कल नव्या वर्गशिक्षकाच्या हातात द्यावी. मुलींची पाने आधी भरावीत, कारण निवासी शाळेचे नाव काढताच घरातून नकार येतो आणि आईची समजूत घालण्यास वेळ लागतो. पावसाळ्यात एक दिवस पालकांना बोलावून फॉर्म शाळेतच भरून घ्यावेत. याला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. वही आणि आठवण एवढेच लागते.

स्मरणिकेत दरवर्षी आपण दहावीचा निकाल छापतो. पुढील वर्षी त्याच्या शेजारी आणखी एक तक्ता छापावा : चौथीतून किती मुले बाहेर पडली आणि त्यांतील प्रत्येक मूल आज कोठे आहे. एकाही नावापुढे 'माहीत नाही' असे लिहावे लागू नये.

१८६३ साली घाटातून रूळ गेले आणि पालखीची गरज संपली. ते होईपर्यंत मात्र पायथ्याशी कोणीतरी उभे राहून उतारूंना वाट दाखवावीच लागली. पायथ्याच्या या गावात शिक्षक म्हणून आपले काम तेच आहे, असे मला वाटते.