जुन्या कॉम्प्युटरसाठी हलकं लिनक्स कोणतं निवडाल?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० चिप लागते. म्हणून सानगडीतल्या घरातला जुना कॉम्प्युटर लगेच भंगारात काढू नका. लिनक्स मोफत आहे. निवडताना आधी रॅम बघा.

• ४ जीबी : लिनक्स मिंट एक्सएफसीई. मेन्यू विंडोजसारखाच, नवख्यांना सोपं.
• २ जीबी : लुबुंटू.
• १ जीबी किंवा ३२-बिट प्रोसेसर : अँटीएक्स. मिंट आणि लुबुंटूच्या नव्या आवृत्त्या ३२-बिटवर चालत नाहीत.

लक्षात ठेवा, खरी रॅम खातो तो ब्राउझर. १ जीबीवर कोणतंही लिनक्स टाका, यूट्यूब अडखळणारच. जमल्यास रॅम वाढवा, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावा.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो. एमएस ऑफिसऐवजी लिबरऑफिस वापरा.

मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते, त्यामुळे नेट चांगलं असेल तिथेच डाउनलोड करा. ती पेनड्राइव्हवर घेऊन आधी तिथूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप आधीच घ्या.