सातवा दिवस आणि पनवेलचा घाणा : निर्गम 20:8-11 वरील भाष्य

ओळ 8. शब्बाथाची आठवण ठेवा, असे सांगणारी ही ओळ. यहुदी आणि बहुतेक प्रॉटेस्टंट तिला चौथी आज्ञा म्हणतात, कॅथलिक तिसरी. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या ना हिब्रू ग्रंथ होता ना रब्बी. तरी सुंता, शेमाची प्रार्थना आणि शनिवारचा शब्बाथ टिकले. धंदा तेल गाळण्याचा, शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पनवेलचे त्यांचे बेथ एल सिनेगॉग 1849 चे, ‘शनवार तेली’ हे नाव त्याआधीचे.

ओळ 9. सहा दिवस कामाचे. प्युरिटनांनी इथेच बोट ठेवले : सुटीच्या आज्ञेत श्रमाचीही आज्ञा आहे, तेव्हा आळस हे पाप. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने 1904-05 मध्ये भांडवलशाहीची वृत्ती अशाच शिस्तीशी जोडली. पनवेलच्या बाजूने पाहिले तर हे अपुरे वाटते. तेल्याला सहा दिवस राबायला पोटच पुरेसे होते. धर्म लागला तो सातव्या दिवशी थांबायला.

ओळ 10. खरे वजन इथे आहे. सुटी मालकापुरती नाही : मुलगा, मुलगी, दास, दासी, दाराशी आलेला परका, आणि जनावरसुद्धा. घाण्याचा बैल डोळ्यांना झापड बांधून लाटेभोवती फिरतो; शनवार तेल्याकडे लाट थांबली की तोही सुटला. ख्रिस्ती हातात ही यादी आखडली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवारी न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांना काम बंद ठेवायला लावले, शेतकऱ्याला मात्र मुभा दिली. शेतकरी कामाला म्हणजे बैलही जुवाखाली.

रविवार आपल्याकडे आला तो साहेबाच्या कचेरीतून. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले, मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली, आज्ञा डोळ्यांनी वाचता आली. त्याच शिक्षणाने कारकुनी मिळाली, रेल्वेत जागा मिळाल्या, आणि पुष्कळांना शनिवारी हजेरी लावणे भाग पडले. ग्रंथ नसताना घाण्याने जो वार सांभाळला, तो ग्रंथ हाती आल्यावर हजेरीपटाने बुडवला. मिशनऱ्यांचा हा हेतू नव्हता, पण झाले ते असे.

मुंबईच्या गिरणीत तर कुठलाच वार नव्हता. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून साप्ताहिक सुटी मागितली. 1890 मध्ये मालकांनी रविवार मान्य केला, 1891 च्या फॅक्टरी कायद्याने त्यावर शिक्का मारला. लोखंडे सत्यशोधक समाजाचे, त्यांना चर्चशी कर्तव्य नव्हते. रविवार हा खंडोबाचा वार, कामगाराला तेवढे पुरे.

ओळ 11. कारण दिले आहे ते सृष्टीचे : देवानेच सहा दिवस काम करून विसावा घेतला. देवच राबतो म्हटल्यावर हातकामाला हलके म्हणण्याची सोय उरत नाही. गावगाड्यात तेल्याचा मान बेताचा, तिथे हे थोडके नव्हे. तीच आज्ञा बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (5:15) मात्र मिसरातल्या गुलामीची आठवण देऊन दिली आहे. लोखंडे यांच्या मागणीला हे दुसरे कारण जवळचे.