मर्जीचा आकडा

अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात दगडी हत्तींसमोर उभं राहिलं की कुणीतरी ती गोष्ट सांगतंच. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैद्यनाथाशी ठरलं होतं. वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि सगळे जागच्या जागी दगड झाले. देव परळीत राहिला, देवी अंबाजोगाईत. मधे पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. ठरलेलं लग्न एका चुकलेल्या वेळेपायी मोडतं आणि पुढे ते कधीच जुळवता येत नाही, ही कल्पना बीड जिल्ह्याला नवी नाही. रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांनाही नाही. तिथेही एखाद्या मुक्कामावर एक वाक्य बोलायचं राहून गेलं, की ती व्यक्ती पुन्हा कधी तो विषय काढत नाही.

या गेममधले सोबती, त्यांची प्रेमं आणि एकमेकांशी न पटणं, हा या पुस्तकाचा विषय. ज्यांनी असा एकही गेम खेळलेला नाही, त्यांनीही आत यावं. कल्पना सोपी आहे: तुम्ही नायक, सोबत चार-पाच जण, आणि लांबचा प्रवास. गेमच्या भाषेत याला पार्टी म्हणतात. मी टोळी म्हणेन, त्याचं कारण पुढे येईल.

१९९७च्या जपानी ‘फायनल फँटसी सेव्हन’मध्ये एका रात्री नायकाला फिरायला बोलवायला कोण येईल, हे आधीच्या संभाषणांतून गुपचूप साठलेल्या गुणांवर ठरत असे. कॅनडातल्या बायोवेअरने २०००च्या ‘बाल्डर्स गेट टू’मध्ये प्रेमाला लांबलचक संवाद दिले. माझ्या मते त्या गेमची खरी कमाई मात्र भांडणांत आहे. धर्मनिष्ठ योद्धा केल्डॉर्न आणि काळोखाच्या देवीची उपासक विकोनिया यांना एकत्र फिरवलंत, तर गोष्ट शेवटी शस्त्रांवर जाते. जाहिरा आणि एरी या दोघींशी एकाच वेळी सूत जुळवू पाहणाऱ्या नायकाला शेवटी एकीचीच निवड करावी लागते. लिहिणाऱ्याने सोबत्यांना नायकाच्या पाठीमागेही आयुष्य दिलं, ते इथे.

वाटेतल्या या गप्पांसाठी मराठी वाचकाला फार लांब जायला नको. गेवराई तालुक्यातलं पांचाळेश्वर महानुभावांचं मोठं तीर्थ. त्याच पंथात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ रचलं. त्यात तत्त्वज्ञान आहेच, पण सोबत चालणाऱ्यांचं जेवणखाण, थट्टा, रुसवेही आहेत. चक्रधरांची शिष्या महदाइसा हिचे प्रश्न वाचताना ती कशी बोलत असेल हे ऐकू येतं. चांगल्या गेममधलं सोबत्यांचं बोलणं तपासायला मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

२००९च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ने सोबत्याच्या मर्जीचा आकडा पडद्यावर आणला, उणे शंभर ते अधिक शंभर. भेटवस्तू दिली की आकडा वर. यावर अभ्यासक नाक मुरडतात: प्रेम म्हणजे काय बाजारातली खरेदी? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. त्याच गेममध्ये अ‍ॅलिस्टर हा सोबती आहे. ज्या लोगेनने अ‍ॅलिस्टरच्या माणसांना रणात मरायला सोडलं, त्याला तुम्ही जीवदान दिलंत तर अ‍ॅलिस्टर निघून जातो. मर्जी कितीही कमावलेली असो. पुढच्या, २०११च्या भागात आकड्याला दोन टोकं आली, मैत्री आणि चुरस, आणि चुरशीच्या टोकावरूनही प्रेम होऊ लागलं. गुलामीतून पळालेला, जादूगारांचा द्वेष करणारा फेन्रिस आणि जादूगारांच्या सुटकेसाठी पेटलेला अँडर्स त्याच टोळीत. दोघांची मर्जी एकदम राखायला निघालेल्याची जी तारांबळ उडते, ती या विषयाची उत्तम प्रयोगशाळा आहे.

आता टोळी. दसरा-दिवाळीनंतर बीडमधून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते, आणि हंगामाच्या तोंडावर घाईने लागणाऱ्या लग्नांमागे पुष्कळदा हाच हिशेब असतो. नातं आकड्यात मोजणं आम्हाला गेमने शिकवलं नाही. म्हणूनच इथला वाचक एक गोष्ट चटकन टिपतो, जी बाहेरच्या टीकाकाराच्या नजरेतून सुटू शकते: अ‍ॅलिस्टरला जाता येतं. उचल फिटली नसेल तर टोळीतल्या माणसाला जाता येत नाही. सोबत्याच्या प्रेमाला गेममध्ये किंमत येते ती त्याच्या निघून जाण्याच्या मुभेमुळे, आणि ही मुभा कोणत्या गेमने किती दिली, कोणी दिल्यासारखी दाखवून काढून घेतली, हा या पुस्तकातल्या बहुतेक लेखांचा धागा आहे.

बेल्जियमच्या लॅरियनचा २०२३चा ‘बाल्डर्स गेट थ्री’ इथे सर्वांत जास्त वेळा येईल. त्यातल्या शॅडोहार्ट आणि लेझेल या दोन सोबती. शॅडोहार्टजवळची गूढ वस्तू मुळात लेझेलच्या लोकांकडून चोरलेली. धुसफूस वाढत जाते आणि एका रात्री मुक्कामावर सुरी निघते. मध्ये पडायचं की नाही, तुम्ही ठरवा. वस्ती लुटणाऱ्यांची बाजू घेतलीत तर विल आणि कार्लाक हे सोबती टोळीत राहत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२०चा ‘राजी’ मला आवडतो, पण भावाच्या शोधात निघालेली राजी एकटीच चालते, म्हणून तो या पुस्तकाबाहेर राहिला. मराठी मातीत टोळीचा गेम अजून व्हायचा आहे. झाला तर त्यात मुकादम कोण, हे मला आधी पाहायचंय.

नव्या अभ्यासकाला एकच विनंती. पहिल्या खेळीत जुनी सेव्ह फाइल उघडून चूक दुरुस्त करू नका. कोणी रुसलं, कोणी गेलं, तर जाऊ द्या. जवळ वही ठेवा. कोण, कोणत्या गावाजवळ, कोणत्या वाक्यावर गेलं तेवढं तिच्यात लिहा, आणि उरलेल्यांबरोबर पुढे चाला.